स्वस्त फोन की त्याचा महागडा भाऊ? आधी दोघांचं नातं बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की एकाच कंपनीचे दोन फोन आहेत, नावं जवळपास सारखी, लांबून बघितले तर दिसायला पण सारखेच, पण एक दुसऱ्याच्या अडीच-तीनपट महाग. तुमचा आत्ताचा फोन चार वर्षांचा झालाय, स्टोरेज सारखं फुल होतं, अपडेट बंद झालेत. वापर म्हणाल तर कॉल, व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप, मॅप आणि घरात दोन वर्षांचं मूल आहे त्याचे फोटो, गेम नाहीत. तर महागडा घेऊन खरंच काही पदरात पडतं का नुसते नावाचे पैसे जातात?

मी गेली पंधरा वर्षं फोन उघडायचंच काम करतो त्यामुळे माझी नजर जरा वेगळी आहे हे आधीच सांगतो. नवाकोरा फोन माझ्या टेबलावर कधी येत नाही, येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, तोपर्यंत बॉक्सवर छापलेल्या आकड्यांची हवा गेलेली असते आणि कुठला भाग कंपनीने खरंच चांगला दिला होता आणि कुठे हात आखडता घेतला होता ते उघडं पडलेलं असतं. तर ते बघून माझं एक मत झालंय, की किंमत बघायच्या आधी या दोन भावांचं नातं काय आहे ते बघा. सगळे भाऊ सख्खे नसतात.

काही जोड्या खरंच सख्ख्या असतात. म्हणजे आतला प्रोसेसर तोच, सॉफ्टवेअर तेच, अपडेट तितकीच वर्षं. गूगलचा पिक्सेल ८ए आणि पिक्सेल ८ प्रो घ्या, दोन्हीत टेन्सर जी३ चिप, दोघांनाही ७ वर्षं अपडेट. मग पैसे कशाचे कमी? तर ८एची पाठ प्लास्टिकची, पुढची काच जुन्या पिढीची गोरिला ग्लास ३, रॅम १२ऐवजी ८ जीबी, झूमची वेगळी लेन्स नाही, मेन कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, लहान, आणि पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा आयपी६८ऐवजी आयपी६७. आयफोन १६ई आणि १६ पण त्यातलेच, दोन्हीत ए१८ चिप, १६ईमध्ये ग्राफिक्सचा एक कोर कमी, कॅमेरा एकच, मागे चार्जर चिकटवायचं मॅगसेफचं चुंबक नाही. आणि गंमत बघा, कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे व्हिडिओ बघायला १६ई २६ तास चालतो आणि महागडा १६ चालतो २२ तास. म्हणजे स्वस्त भाऊ बॅटरीत पुढे! अशी सख्खी जोडी असेल आणि तुमच्यासारखा वापर असेल तर मी डोळे झाकून धाकटा घ्या म्हणतो, फक्त फोटोचा मुद्दा खाली लिहिलाय तो वाचून.

दुसरी चुलत भावंडं. घराणं एक, वाढले वेगवेगळ्या घरात. सॅमसंगचा गॅलेक्सी ए५५ आणि एस२४, दोन्ही २०२४च्या सुरुवातीचे. पाठीकडून बघितलं तर कॅमेऱ्याची मांडणी सारखीच, पण आत चिप पूर्ण वेगळी, ए५५मध्ये एक्झिनॉस १४८०, एस२४मध्ये देशाप्रमाणे एक्झिनॉस २४०० किंवा स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. एस२४ला ७ वर्षं अपडेट, ए५५ला ४ अँड्रॉइड व्हर्जन आणि ५ वर्षं सिक्युरिटी. एस२४ला ३एक्स झूम आहे, वायरलेस चार्जिंग आहे, ए५५ला दोन्ही नाही. पण ए५५ची बॅटरी ५००० एमएएच आणि एस२४ची ४०००, स्क्रीन पण ए५५ची मोठी, शिवाय मेमरी कार्ड टाकायला जागा आहे जी एस२४ला नाही. बघा, म्हणजे महाग तो सगळ्यात सरस असं काही नसतं, कंपनी इथून काढते तिथे घालते.

आणि तिसरे निव्वळ आडनावबंधू, इथेच लोक फसतात. रेडमी नोट १३ हे नाव घेतलं तर त्यात ४जीवाला आहे त्यात स्नॅपड्रॅगन ६८५, ५जीवाल्यात डायमेन्सिटी ६०८०, प्रो ४जीमध्ये हेलिओ जी९९ अल्ट्रा, प्रो ५जीमध्ये स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ आणि प्रो प्लसमध्ये डायमेन्सिटी ७२०० अल्ट्रा. पाच फोन, पाच वेगळ्या चिप, आणि लोक म्हणतात माझ्याकडे नोट १३ आहे. एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. असं करणारी ही एकच कंपनी नाही, बहुतेकांच्या स्वस्त सिरीज अशाच असतात. प्रो प्लसचं कौतुक ऐकून कोणी साधावाला घेतो आणि मग म्हणतो रिव्ह्यू खोटे होते. अहो रिव्ह्यू खरे होते, फोन दुसरा होता.

आता ज्या गोष्टींनी तिसऱ्या वर्षी खरा फरक पडतो त्या सांगतो आणि त्यात पहिला नंबर स्टोरेजचा, म्हणजे किती जीबी हा प्रश्न नंतर, आधी कुठल्या जातीचं. अगदी खालच्या फोनमध्ये अजून ईएमएमसी असतं, वरच्यात यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं, एकेरी पुलासारखं, एका बाजूची वाहतूक थांबवून दुसरी सोडायची. यूएफएसमध्ये दोन्ही एकदम चालतं. ईएमएमसी ५.१ची कागदावरची कमाल ४०० एमबी सेकंदाला, यूएफएस ३.१ वाचताना २००० च्या आसपास आणि ४.० तर ४००० च्या वर. तुम्ही म्हणाल मला कुठे एवढ्या मोठ्या फायली हलवायच्यात, बरोबर आहे, पण फोन स्वतः दिवसभर लिहित असतो. व्हॉट्सॲपवर फोटो येतायत, मागे ॲप अपडेट होतायत, आणि त्याच वेळी तुम्ही कॅमेरा उघडला, की तो एकेरी पूल तुंबतो. फोन हँग होतो म्हणून माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त फोनांत निम्म्याहून जास्त वेळा प्रोसेसर बिचारा निर्दोष असतो, स्टोरेज ९५ टक्के भरलेलं असतं आणि ते आधीच हळू त्यात भरलेलं. फ्लॅश मेमरी, म्हणजे हेच स्टोरेज, भरत आली की लिहायला मोकळे ब्लॉक मिळत नाहीत, आधी जुनं हलवा मग पुसा मग लिहा असा खेळ सुरू होतो. म्हणून माझा नियम, यूएफएस नसेल तर तो फोन चार वर्षांच्या हिशेबाने घेऊच नका, आणि १५-२० टक्के जागा कायम मोकळी ठेवा.

रॅमचं थोडक्यात. ८ जीबी तुमच्या वापराला पुरे. बॉक्सवर ८ अधिक ८ असं लिहिलेलं असतं ना, त्यातले दुसरे ८ रॅम नसतात, स्टोरेजचाच तुकडा उसना घेतलेला असतो. हळू स्टोरेजवर तर ते बंद केलेलंच बरं.

मग काही बारक्या गोष्टी ज्या कोणी विचारत नाही. स्वस्त फोनमध्ये कानाला लावल्यावर स्क्रीन बंद करणारा सेन्सर कधीकधी खराखुरा नसतोच, अल्ट्रासाउंड आणि सॉफ्टवेअरने अंदाज करतात. तो अंदाज चुकला की बोलता बोलता गालाने म्यूट दाबला जातो, कॉल होल्डवर जातो, नाहीतर कॉल संपल्यावर स्क्रीन काळीच राहते. एक काका माझ्याकडे तीनदा आले डिस्प्ले खराब आहे म्हणून, डिस्प्ले ठणठणीत होता, सेन्सरच नव्हता फोनमध्ये, आता नसलेली वस्तू मी काय दुरुस्त करणार! तसंच होकायंत्राचा सेन्सर, तो नसेल तर मॅपमध्ये तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहात ते नीट कळत नाही, आणि फोन कसा वळतोय ते ओळखणारा जायरोस्कोप, तो व्हिडिओ स्थिर करायला लागतो. वाइडवाइन एल१, म्हणजे सिनेमाची चोरी रोखणारी सुरक्षा, नसेल तर पैसे भरून घेतलेल्या सिनेमाच्या ॲपवर पण एचडी चित्र मिळत नाही, स्क्रीन कितीही चांगली असू दे. व्हायब्रेशनची मोटर स्वस्तात गरगर फिरणारी असते, महागड्यात नेमका टिचकी मारल्यासारखा धक्का देते, हे मात्र निव्वळ चैनीचं.

फोटो. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे असं मला वाटतं, कारण फोन बदलता येतो, मूल दोन वर्षांचं पुन्हा होत नाही. तर मेगापिक्सेल विसरा. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण नऊ-नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, ५०वाला चार-चार एकत्र करून साडेबाराचा देतो, म्हणजे शेवटी दोन्ही जवळपास एकाच आकड्याशी येऊन थांबतात. बघायचा तो सेन्सरचा आकार, १/१.३१ इंच, १/१.७३ इंच असं लिहिलेलं असतं, त्यातला खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. वरच्या पिक्सेल जोडीत हेच दोन सेन्सर आहेत आणि क्षेत्रफळ काढलंत तर ८ प्रोचं जवळजवळ पावणेदोनपट भरतं. दिवसा उजेडात हा फरक शोधावा लागतो. संध्याकाळी घरात, ट्यूबच्या उजेडात, मूल पळतंय, तेव्हा फरक दिसतो.

आणि इथे ओआयएसबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. ओआयएस म्हणजे लेन्स हलवून तुमच्या हाताचा कंप सावरणं. तुमचा हात, मुलाचा नाही. मूल पळत असेल तर ओआयएस काही करू शकत नाही, तिथे शटर पटकन उघडून मिटायला हवं, आणि त्यासाठी उजेड जास्त गोळा करणारा मोठा सेन्सर हवा, आणि बटण दाबल्यावर फोटो त्याच क्षणी घेणारी चिप हवी. स्वस्त फोनमध्ये बटण दाबलं की अर्धा-एक सेकंद विचार चालतो, तेवढ्यात मूल फ्रेमच्या बाहेर. म्हणून सख्खी जोडी असेल तर धाकट्यातसुद्धा हा त्रास कमी होतो, चिप तीच असते ना. चुलत किंवा आडनावबंधू असेल तर त्रास होणार हे धरून चला. मागे २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा) आणि तितकाच डेप्थ (मागचं धूसर करायला अंतर मोजणारा) असे कॅमेरे दिले असतील तर ते मोजू नका, ते तीन कॅमेरे म्हणता यावं म्हणून असतात.

बॅटरीचं असं आहे की ती दोघांचीही मरते. ॲपलचंच उदाहरण घ्या, आयफोन १४ पर्यंत ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता असा त्यांचा हिशेब होता, १५ पासून १००० सायकल सांगतात. सायकल म्हणजे मिळून १०० टक्के खर्च होणं, आज ६० उद्या ४० वापरलं की एक झाली. थकलेल्या बॅटरीला अचानक जास्त करंट देता येत नाही, मग फोन एकतर ३० टक्क्यांवर टपकन बंद पडतो नाहीतर बंद पडू नये म्हणून स्वतःच हळू होतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलनेच कबूल केलं होतं की जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो, आणि मग २०१८ भर बॅटरी स्वस्तात बदलून दिल्या. म्हणून फोन जुना झाला म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला असं लगेच समजू नका.

महागडा म्हणजे थंड चालतो हेही खरं नाही. २०२१ चे स्नॅपड्रॅगन ८८८ आणि २०२२ चे ८ जेन १ हे दोन्ही त्या त्या वर्षीचे सगळ्यात वरचे चिप, आणि दोन्ही चांगलेच तापायचे, मग ८ प्लस जेन १ दुसऱ्या कारखान्यात, टीएसएमसीकडे बनवून घेतला तेव्हा कुठे सुधारणा झाली. तापलेला चिप स्वतःचा वेग कमी करतो. जुना फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा त्या वर्षीचा सगळ्यात वरचा फोन, घ्यायचा विचार आला तर ही दोन नावं लक्षात ठेवा.

आता माझ्या धंद्याचा भाग, तुटणं. तुमच्या घरात लहान मूल आहे म्हणजे फोन पडणार, पाण्याच्या बादलीत पण जाणार. स्वस्त फोनचं फोल्डर, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र असलेला भाग, सहज मिळतं आणि परवडतं. फ्लॅगशिपचं ओरिजिनल फोल्डर, त्यात कडेला वळलेली स्क्रीन असेल तर विचारूच नका, त्या पैशात कधीकधी अख्खा स्वस्त फोन येतो. वर पाठीची काच वेगळी. मग गिऱ्हाईक म्हणतं कॉपी टाका, कॉपी टाकली की रंग फिके, बॅटरी जास्त खाते आणि स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट चालेल याची खात्री नाही. एकाने हौसेने वळलेल्या स्क्रीनचा फोन घेतला, चौथ्या महिन्यात पडला, दुरुस्तीचा आकडा ऐकून तो फोन अजून तसाच तडा गेलेला वापरतोय. महागडा घ्यायचा तर सपाट स्क्रीनचा घ्या आणि पहिल्या दिवशी जाड कव्हर घाला, मग ती चकचकीत पाठ दिसत नाही म्हणून रडायचं नाही.

पाण्याचं पण सांगतो. आयपी६७ म्हणजे गोड्या पाण्यात १ मीटर खोल, अर्धा तास, आणि तेही नवा फोन, प्रयोगशाळेत. आतला गोंद जुना होतो, एकदा फोन उघडला की तर ते सील नवं लावल्याशिवाय काही अर्थ राहत नाही. साबणाचं किंवा मिठाचं पाणी तर त्या हिशेबात धरलेलंच नाही. तरी काहीच रेटिंग नसण्यापेक्षा ६७ कधीही बरं.

अपडेट हा बँकेच्या ॲपसाठी महत्त्वाचा मुद्दा. बँकेची ॲप जुन्या अँड्रॉइडला हळूहळू सोडत जातात, आणि सिक्युरिटी पॅच नसलेल्या फोनवर पैशाचे व्यवहार करू नयेत असं माझं तरी मत आहे. किती वर्षं मिळणार ते मोजताना एक चूक सगळे करतात, मोजणी तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून नाही, फोन बाजारात आला तेव्हापासून होते. ४ वर्षं अपडेटचा फोन दीड वर्षाने घेतलात तर हातात अडीचच राहिली. म्हणून मागच्या वर्षीचा फ्लॅगशिप हा पर्याय मला आवडतो खरा, किंमत उतरलेली असते, कॅमेरा-स्टोरेज-चिप सगळं वरचं मिळतं, पण त्याला ७ वर्षांचं आश्वासन असेल तरच, जे गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून सुरू केलं. सीलबंद पडून असलेल्या फोनची बॅटरी पण थोडी म्हातारी होतेच, तेवढं गृहीत धरा.

तर तुमच्यापुरतं बोलायचं तर, दोघं सख्खे असतील तर धाकटा घ्या, जास्त स्टोरेजवाला घ्या, आणि वाचलेल्या पैशातले थोडे तिसऱ्या वर्षी नव्या बॅटरीसाठी बाजूला ठेवा. चुलत असतील तर संध्याकाळच्या फोटोंसाठी मी थोरल्याकडे झुकेन, पण नवाच नको, मागच्या वर्षीचा चालेल. नुसते आडनावबंधू असतील तर धाकट्याच्या नादी लागू नका, त्याच पैशात दुसऱ्या कंपनीचा यूएफएसवाला आणि सेन्सर मोठा असलेला फोन शोधा. आणि दुकानात गेलात की दोन गोष्टी करून बघा, एक कॉल लावून फोन कानाला धरा आणि काढा, स्क्रीन लगेच बंद-चालू होते का बघा, आणि दुकानातल्या एखाद्या चालत्या माणसाचा फोटो काढा, दिव्याखाली नाही, जरा अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि मोठा करून बघा. तुमच्या डोक्यात असलेल्या दोन्ही फोनची पूर्ण नावं, ४जी-५जी, प्रो, प्लस सकट कळवा, मग त्यांचं नातं कुठलं ते मी बघून सांगतो.